वेष्टनावरची अक्षरे

प्रास्ताविक

उटणे, खोबरेल तेल, कुंकू, काजळ आणि मेंदी ही आपल्या घरांतील पूर्वापार चालत आलेली प्रसाधने होत. आज त्यांच्या जोडीला औषधांच्या आणि कटलरीच्या दुकानांतील नाना प्रकारच्या बाटल्या, नळ्या व पुड्या आल्या आहेत. पाच रुपयांच्या पुडीपासून हजार रुपयांच्या कुपीपर्यंत सारे काही एकाच फळीवर मांडलेले असते. यांतील काय घ्यावे, काय टाळावे? स्वस्त वस्तू वाईटच असते काय? आणि अशी एखादी वस्तू बनवून किंवा विकून घरखर्चाला हातभार लावायचा असेल, तर कोणती काळजी घ्यावी? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. त्यासाठी आपण आधी राजस्थानच्या राजधानीत, जयपूरला जाऊ. शृंगाराच्या वस्तू आणि त्यांसाठी लागणारा कच्चा माल या दोहोंची परंपरा तेथे एकत्र पाहावयास मिळते.

१. गुलाबी नगरीतील शृंगाराचा बाजार

महाराजा सवाई जयसिंह यांनी १७२७ साली जयपूर शहर वसविले. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि मोठ्या रस्त्यांच्या संगमावर ऐसपैस चौक, अशी या नगराची रचना आहे. या चौकांना तेथे ‘चौपड’ म्हणतात. २०१९ साली युनेस्कोने या नगराचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. नगररचनेतच बाजारपेठांना मानाचे स्थान मिळाल्यामुळे येथे एकेका व्यवसायाची एकेक गल्ली तयार झाली. जोहरी बाजारात जडजवाहिर मिळते. त्रिपोलिया बाजारातून आत शिरणाऱ्या ‘मनिहारों का रास्ता’ या गल्लीत लाखेच्या बांगड्या घडविणारे कारागीर बसतात. मनिहार म्हणजे आपल्याकडील कासार. बडी चौपडजवळच्या ‘पुरोहितजी का कटला’ या दाटीवाटीच्या बाजारात लग्नाच्या साहित्यापासून टिकल्या, मेंदी आणि ओठांच्या रंगापर्यंत सारे काही घाऊक व किरकोळ भावाने मिळते.

या बाजाराला लागणारा बराचसा कच्चा माल राजस्थानातच होतो. चेहऱ्याला लावण्याची मुलतानी माती आज पाकिस्तानात असलेल्या मुलतान शहराचे नाव मिरवते. परंतु तिचे साठे राजस्थानातील बाडमेर आणि बिकानेर या जिल्ह्यांतही आहेत. पाली जिल्ह्यातील सोजत हे गाव मेंदीसाठी प्रसिद्ध आहे. सोजतच्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक निर्देशांक, म्हणजे त्या प्रदेशाच्या नावाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. अजमेरजवळच्या पुष्करला गुलाबाची शेती होते आणि फुलांचा अर्क काढून गुलाबपाणी तयार केले जाते.

या वस्तू स्वस्त आहेत आणि त्यांचे गुणही खरे आहेत. मुलतानी मातीचे सूक्ष्म कण तेल शोषून घेतात. म्हणून तेलकट त्वचेला ती मानवते. मात्र थंडीच्या दिवसांत, कोरड्या पडलेल्या त्वचेवर तीच माती लावली, तर उरलासुरला ओलावाही निघून जातो आणि त्वचा फुटते. याचा अर्थ असा की, वस्तूचा गुण आणि आपल्या त्वचेची गरज यांचा मेळ बसला पाहिजे. जुने आहे किंवा नैसर्गिक आहे, एवढ्याने ते सर्वांना चालेल असे होत नाही. लिंबाचा रस घरोघरी असतो. पण तो चेहऱ्याला लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात.

२. स्वस्त आणि महाग यांतील भेद

त्वचेची निगा राखण्याच्या गरजा मुळात थोड्या आहेत. ती स्वच्छ ठेवणे, तिच्यातील ओलावा टिकविणे आणि कडक उन्हापासून तिचे रक्षण करणे, या तीन गोष्टी साधल्या की बरेच काम होते. ओलावा टिकविणाऱ्या बहुतेक क्रीमांत पाणी, तेल किंवा मेण, आणि पाणी व तेल यांना एकजीव करणारा पदार्थ असतो. त्यात ग्लिसरीन असेल, तर ते पाण्याचा अंश त्वचेत धरून ठेवते. साधी पेट्रोलियम जेली त्वचेवर पातळ थर निर्माण करते, त्यामुळे आतील ओलावा उडून जात नाही. ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली या दोन्ही वस्तू औषधांच्या कोणत्याही दुकानात अल्प किमतीत मिळतात.

मग महाग क्रीम महाग का असते? काही वेळा त्यात खरोखरच खर्चिक घटक असतात. परंतु पुष्कळदा किमतीचा मोठा वाटा सुगंध, सुबक बाटली आणि जाहिरात यांचा असतो. जयपूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. अशा उन्हात डोक्यावरून घेतलेली सुती ओढणी आणि दुपारी सावलीत थांबण्याची सवय यांना काहीच मोल पडत नाही. पण त्वचेला त्यांचा लाभ मोठा होतो.

छोट्या पुडीमुळे प्रसाधने गरिबांच्या आवाक्यात आली, हे खरे आहे. तमिळनाडूतील कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीतून विकण्याची कल्पना रुजविली. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःचा उद्योग सुरू केला आणि ‘चिक’ शाम्पूची पुडी खेडोपाडी पोहोचविली. पूर्ण बाटलीचे पैसे एकदम देणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांची यामुळे सोय झाली.

तथापि पुडी स्वस्त की बाटली, हे नुसत्या नजरेने ठरवू नये, हिशेब करावा. समजा, पाच ग्रॅम क्रीमची पुडी सहा रुपयांना आहे आणि पन्नास ग्रॅमची नळी पन्नास रुपयांना आहे. पुडीतील एका ग्रॅमला एक रुपया वीस पैसे पडतात, तर नळीतील एका ग्रॅमला एक रुपया. येथे नळी परवडते. दुसऱ्या एखाद्या वस्तूच्या बाबतीत नेमके उलटही असू शकते. किमतीला वजनाने भागण्याची सवय लागली की दुकानदाराच्या किंवा जाहिरातीच्या शब्दावर अवलंबून राहावे लागत नाही.

३. गोरेपणाची किंमत

प्रसाधनांच्या बाजारातील सर्वांत धोकादायक शब्द म्हणजे ‘गोरेपणा’. त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे ठरतो. हे द्रव्य उन्हाच्या माऱ्यापासून आपले रक्षण करते. सावळा वर्ण हा आजार नव्हे. म्हणून त्यावर उपचारही असू शकत नाही. समाजाची दृष्टी हळूहळू बदलत आहे. १९७५ सालापासून ‘फेअर अँड लव्हली’ या नावाने विकल्या जाणाऱ्या क्रीमच्या नावातून २०२० साली ‘फेअर’ हा शब्द वगळण्यात आला. तरीही आठ दिवसांत उजळपणा देण्याचे आश्वासन देणाऱ्या, निनावी डब्यांतील क्रीमांना आजही गिऱ्हाईक मिळते.

अशा काही क्रीमांत पारा आढळला आहे. पाऱ्याची संयुगे मेलॅनिन तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणतात, त्यामुळे काही दिवस त्वचा उजळल्यासारखी दिसते. परंतु हा पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. मूत्रपिंडाची चाळणी बिघडली की लघवीवाटे प्रथिने जाऊ लागतात. पायांवर व चेहऱ्यावर सूज येते. २०२३ सालच्या आरंभी अकोल्यातील एका कुटुंबाची हकिगत उजेडात आली. घरातील एक तरुणी, तिची आई आणि बहीण अशा तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला होता. कारणाचा शोध घेता घेता डॉक्टर त्या वापरत असलेल्या क्रीमपर्यंत पोहोचले. ते स्थानिक सौंदर्यप्रसाधिकेकडून घेतलेले होते आणि त्यात पाऱ्याचे प्रमाण मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक निघाले. देणारीला डब्यात काय आहे हे ठाऊक नसेल आणि घेणारीने विचारले नसेल, तर केवढा अनर्थ होतो, हे या घटनेवरून लक्षात येते.

पाऱ्याचा वापर थांबविण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला आणि भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. भारताच्या २०२० च्या प्रसाधन नियमांनीही डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता अन्य प्रसाधनांत नकळत येणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दहा लाख भागांत एक भाग इतकी अल्प ठेवली. घटकांच्या यादीत ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरस क्लोराइड’ किंवा ‘कॅलोमेल’ हे शब्द आढळल्यास ती वस्तू घेऊ नये. ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ अशी सूचना क्रीमच्या डब्यावर असेल, तर तीही पाऱ्याची खूण समजावी. कारण पारा या धातूंशी संयोग पावतो.

दुसरा धोका स्टेरॉइडयुक्त मलमांचा आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही अशा औषधांची नावे. त्वचारोगांवर डॉक्टर ती ठराविक दिवसांसाठी देतात. परंतु शेजारणीने सांगितले म्हणून तेच मलम महिनोन्महिने चेहऱ्याला लावले, तर त्वचा पातळ होते, लाली येते, पुरळ उठते, नको तेथे केस येतात. आणि मलम सोडताच त्रास आणखी वाढतो. औषध आणि प्रसाधन यांतील सीमारेषा सदैव ध्यानात ठेवली पाहिजे.

४. वेष्टन कसे वाचावे

भारतात प्रसाधनांचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० या कायद्याखाली होते. या कायद्यामुळे वेष्टनावर काही गोष्टी छापणे बंधनकारक झाले आहे. त्या बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतात. पण शब्द ठरलेले असल्याने ते ओळखणे अवघड नाही.

प्रथम उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता पाहावा. ‘मेड इन इंडिया’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते पुरेसे नाही. त्यानंतर उत्पादन परवान्याचा क्रमांक शोधावा. तो ‘लायसन्स नंबर’ किंवा ‘एम. एल. नं.’ या अक्षरांपुढे असतो. ‘बॅच नंबर’ म्हणजे एका वेळी तयार झालेल्या मालाचा क्रमांक. माल सदोष निघाल्यास याच क्रमांकावरून तो बाजारातून परत बोलावता येतो. ‘यूज बिफोर’ या शब्दांपुढे वस्तू कोणत्या महिन्यापर्यंत वापरावी हे दिलेले असते. निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत, म्हणजे ‘एम. आर. पी.’, याही बाबी तेथेच असतात. परदेशातून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता असला पाहिजे.

घटकांची यादी उतरत्या क्रमाने असते. जे सर्वाधिक ते प्रथम येते. ‘कोरफडयुक्त’ असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या बाटलीच्या यादीत कोरफड अगदी शेवटी असेल, तर तिचे प्रमाण नाममात्र आहे असे समजावे. अगदी लहान पुडीवर ही यादी असतेच असे नाही. अशा वेळी त्याच मालाच्या मोठ्या बाटलीवरील यादी वाचावी.

वेष्टन निर्दोष असले, तरी नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतील बाजूला थोडीशी लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. खाज, लाली किंवा फोड आल्यास ती वापरू नये. टिकलीच्या मागील गोंदामुळेही काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. तसे दिसताच टिकली बदलून चालणार नाही, ती लावणेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. काजळाची कांडी आणि ओठांचा रंग दुसऱ्याचा वापरू नये, कारण त्यांतून डोळ्यांचे व त्वचेचे संसर्ग पसरतात. खरेदीची पावती जपून ठेवावी. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

५. छंदातून जोडधंदा

प्रसाधनांच्या व्यवसायात लहान घरांतून उभे राहिलेले उद्योग अनेक आहेत. राजस्थानातील झालरापाटण येथून मुंबईत आलेले ई. एस. पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ हे क्रीम बाजारात आणले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते देशभर पोहोचले. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईतील परळ भागात दंतमंजनाचा व्यवसाय सुरू केला. त्यांची मुले दारोदार फिरून ते विकत असत. तोच पुढे ‘विको’ या नावाने विस्तारला. विकोची उत्पादने आयुर्वेदिक औषधे मानावीत की प्रसाधने, यावर करखात्याशी दीर्घकाळ वाद चालला. कारण दोहोंवरील कर वेगवेगळा होता. अखेर सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीचे म्हणणे मान्य केले. वेष्टनावरील एका शब्दाला व्यवहारात किती मोल असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

आज कोणाला असा जोडधंदा करायचा झाल्यास प्रथम कायद्याची बाजू समजून घ्यावी. साबण, क्रीम, काजळ किंवा ओठांचा रंग घरच्या स्वयंपाकघरात बनवून विकता येत नाही. घटक नैसर्गिक असले, तरी विक्रीसाठी प्रसाधन बनविण्यास राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची अनुमती, योग्य जागा आणि रसायनशास्त्राचे किंवा औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीची देखरेख लागते. हा खर्च झेपत नसेल, तर दुसऱ्या परवानाधारक कारखान्यात आपला माल बनवून घेण्याची तरतूदही नियमांत आहे.

अल्प भांडवलावर करता येण्याजोगे सोपे मार्ग दोन आहेत. परवानाप्राप्त उत्पादकांचा माल घाऊक भावाने आणून पावतीसह विकणे हा पहिला मार्ग. मेंदी काढणे, केशरचना, नववधूचा शृंगार अशी कौशल्याची सेवा देणे हा दुसरा. जयपूरसारख्या शहरात तीजेचा सण आणि लग्नसराई यांच्या दिवसांत मेंदी काढणाऱ्या हातांना उसंत मिळत नाही. महाराष्ट्रातही लग्नघरी मेंदीचा कार्यक्रम आता रूढ झाला आहे.

येथे पुन्हा ज्ञानाचा आणि प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. मेंदीच्या पानांतील रंगद्रव्य त्वचेला नारिंगी ते तपकिरी रंग देते; ते काळा रंग कधीच देत नाही. पाऊण तासात काळीभोर रंगणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा केस काळे करण्याचे पीपीडी हे रसायन असते. त्यामुळे हातावर फोड येऊन नक्षीच्या आकाराचे व्रण राहू शकतात. मेंदीची पूड मलमलच्या कापडातून चाळून, पाण्यात भिजवून, थोडे निलगिरीचे तेल घालून काही तास मुरू दिली की चांगला रंग येतो. असा ताजा कोन शीतकपाटाबाहेर फार दिवस टिकत नाही. जो महिनोन्महिने टिकतो, त्याविषयी शंका घ्यावी. गिऱ्हाइकाने आग्रह धरला, तरी ‘काळी मेंदी मी लावत नाही’ असे जी नम्रपणे सांगू शकते, तिचे त्या दिवशीचे काम कदाचित जाईल. पण तिच्यावरचा विश्वास वाढेल.

जोडधंद्याचा हिशेब लिहून ठेवावा. समजा, एका महिन्यात मेंदीची दहा कामे मिळाली आणि प्रत्येक कामाचे तीनशे रुपये आले. एकूण जमा तीन हजार रुपये झाली. मेंदीची पूड, तेल व कोनाचा कागद यांना साडेपाचशे रुपये आणि रिक्षाभाड्याला साडेसहाशे रुपये लागले. बाराशे रुपये वजा जाता अठराशे उरले. आता प्रत्येक कामाला जाऊनयेऊन तीन तास लागले असतील, तर तीस तासांच्या श्रमाचे हे मोल आहे. म्हणजे तासाला साठ रुपये. हा आकडा डोळ्यांसमोर आला की दर वाढवावा की जवळचीच कामे घ्यावीत, याचा निर्णय करता येतो. अनेक स्त्रिया मालाचा खर्च मांडतात, परंतु स्वतःचा वेळ मात्र हिशेबात धरत नाहीत. तो धरावयास शिकणे, हाही आत्मविकासाचाच भाग आहे.

धंद्याने मूळ धरल्यावर २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य करता येते. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे. मात्र हिशेबाची वही नियमित असेल, तरच कर्ज किती घ्यावे आणि फेडावे कसे, याचा अंदाज बांधता येतो.

समारोप

पुरोहितजींच्या कटल्यात असो की आपल्या गावच्या आठवडी बाजारात, प्रसाधनांच्या ढिगातून योग्य वस्तू निवडण्यासाठी श्रीमंती लागत नाही. परवान्याचा क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची नावे वाचता आली, किमतीला वजनाने भागता आले, की थोड्या पैशांत चांगली वस्तू मिळते आणि घातक वस्तू दूर ठेवता येते. हेच ज्ञान विक्रेतीच्या जवळ असेल, तर तिच्याकडे येणारी गिऱ्हाइकेही सुरक्षित राहतात. उशिरा शिकलेले अक्षर वाया जात नाही. आज ते क्रीमच्या डब्यावर वाचले जाते. उद्या ते स्वतःच्या दुकानाच्या पाटीवर आणि हिशेबाच्या वहीत उमटते.

शब्दार्थ

प्रसाधन – शृंगाराची किंवा शरीराची निगा राखण्याची वस्तू
वेष्टन – वस्तूभोवतीचे आवरण
रंगद्रव्य – रंग देणारा पदार्थ
संयुग – दोन किंवा अधिक मूलद्रव्यांच्या संयोगाने बनलेला पदार्थ
अनर्थ – मोठे संकट
शीतकपाट – फ्रिज
उसंत – विश्रांती, सवड

स्वाध्याय

१. मुलतानी माती कोणत्या त्वचेला मानवते? कोणत्या ऋतूत ती जपून वापरावी? का?
२. क्रीममध्ये पारा असल्याच्या कोणत्या खुणा पाठात सांगितल्या आहेत?
३. ‘सावळा वर्ण हा आजार नव्हे.’ या विधानाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
४. घरातील एखाद्या प्रसाधनाचे वेष्टन वाचा. त्यावरील परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत व किंमत वहीत लिहा. यांपैकी काही आढळले नाही, तर तेही नोंदवा.
५. तुम्ही करू शकाल अशा एका जोडधंद्याचा एका महिन्याचा अंदाजे जमाखर्च मांडा. स्वतःच्या श्रमाचे तास हिशेबात धरण्यास विसरू नका.